लोणारचं तळं वरून बघून परत फिरू नका, आणि खालची फेरी वाचवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लोणारबद्दल पेपरात काहीही छापून येवो, सोबतचा फोटो ठरलेला असतो. काठावरून काढलेला, मधे हिरवं गोल पाणी, भोवती झाडी. फोटो छानच असतो, त्याबद्दल तक्रार नाही, पण वर्षानुवर्षं तोच फोटो बघून लोकांची अशी समजूत झालीय की लोणार म्हणजे वरून बघायची गोष्ट. शेगावचं दर्शन, सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान आणि मधे जाता जाता लोणार अशी एका दिवसाची गाडी ठरते, ट्रॅव्हल्सवाला अर्धा-पाऊण तास देतो, माणसं व्ह्यू पॉइंटवर उतरतात, सेल्फी काढतात, फार तर गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ बघतात आणि चहा घेऊन पुढच्या गावाला लागतात. खाली काय आहे असं कुणी विचारलंच तर उत्तर मिळतं, काही नाही हो, झाडंझुडपं आहेत, उगाच पायपीट होईल.

मी मेहकरला राहते, शाळेत विज्ञान शिकवते. लोणार आमच्यापासून तासाभराच्या आत आहे, त्यामुळे लहानपणी आईसोबत नवरात्रात कमळजा देवीला आणि मोठी झाल्यावर विद्यार्थ्यांना घेऊन मी ही खालची फेरी करत आलेय. मराठी मुलखात तळ्याच्या काठाकाठाने, जंगलातून, फारसा चढउतार न करता गोल फिरून परत जिथून निघालो तिथे येता येईल अशा पायवाटा फार नाहीत. आपल्याकडे ट्रेक म्हटलं की गड, गड म्हटलं की खडी चढण, त्यामुळे साठी उलटलेल्यांनी आणि लहान पोरांनी घरीच बसायचं असं ठरून गेलेलं असतं. लोणारची फेरी त्यांच्यासाठी आहे. आणि ती आपल्या डोळ्यांदेखत तुटत चाललीय, म्हणून हे पत्र लिहितेय.

ज्यांनी कधी केलीच नाही त्यांच्यासाठी आधी थोडं फेरीबद्दल सांगते. हे तळं उल्का पडून झालेल्या विवराच्या तळाशी आहे. विवराचा व्यास साधारण १.८ किलोमीटर आहे, काठापासून तळापर्यंतची खोली दीडशे मीटरच्या आसपास. तळ्याचा स्वतःचा व्यास सव्वा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे काठाकाठाने फिरलं तर चार-पाच किलोमीटरची चाल होते. कष्ट काय ते उतरतानाचे आणि शेवटी वर चढतानाचे, आणि तेही गड चढण्याच्या मानाने काहीच नाहीत, मधे थांबत थांबत, दगडावर टेकत सत्तरीची माणसंही चढतात. एकदा खाली पोचलं की वाट जवळजवळ सपाट. देवळं बघत, पक्षी बघत, डबा खात आरामात गेलं तर तीन-चार तास धरा.

उतरायला बहुतेक लोक धारेकडून जातात. तिथे गोमुखातून बारा महिने गोडं पाणी पडतं, लोक आंघोळी करतात, बाया ओटी भरतात. याच गोड्या पाण्याचा पुढे ओहोळ होतो आणि तो खाली जाऊन ज्या तळ्याला मिळतो ते तळं खारं तर आहेच, शिवाय इतकं अल्कधर्मी की पाण्याचा पीएच दहाच्या वर मोजला गेलेला आहे. मी मुलांना नेते तेव्हा घरून हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या नेते. आधी धारेच्या पाण्यात पट्टी बुडवायची, काही होत नाही, पिवळी ती पिवळीच. मग खाली तळ्याच्या पाण्यात बुडवायची आणि पट्टी लगेच विटकरी लाल होते. पुस्तकात आम्लधर्मी आणि अल्कधर्मी पाठ करून कंटाळलेली पोरं त्या पट्टीकडे अशी बघत राहतात की त्यानंतर मला वेगळं काही शिकवावं लागत नाही. पाण्याला बोट लावलं की बुळबुळीत लागतं, आणि उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की चिखलावर पांढरी पापडी धरते, ते क्षार. या तळ्यात पाणी यायला झरे आहेत, पाऊस आहे, पण बाहेर जायला वाट नाही, फक्त उन्हाने वाफ होऊन जातं आणि क्षार मागे राहतात, हजारो वर्षं हेच चाललंय. हे क्षार काच आणि साबण करायला वापरत त्याचा उल्लेख पार अकबराच्या काळातल्या ऐन-ए-अकबरीत आहे.

हे सगळं वरून दिसत नाही. वरून हिरवा रंग दिसतो, तो रंग पाण्यात वाढणाऱ्या शेवाळासारख्या सूक्ष्म जीवांचा आहे हे कळायला खालीच यावं लागतं. २०२० च्या जूनमध्ये लॉकडाऊनच्या काळात हे पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळ्या देशात बातमी झाली, नमुने नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासले, आणि उष्णतेमुळे पाणी आटून खारेपणा वाढला तेव्हा मिठात राहणारे हॅलोआर्किया नावाचे जीव वाढले आणि त्यांच्यातल्या रंगद्रव्याने पाणी गुलाबी दिसलं असं निदान निघालं. पुढे पावसाळ्यात गोडं पाणी आलं आणि रंग परत बदलला. म्हणजे हे तळं जिवंत आहे, त्यात काय किती मिसळतं याच्यावर त्याचं सगळं अवलंबून आहे, हा मुद्दा पुढे परत येणार आहे.

तळाशी आलं की झाडी सुरू होते. वरच्या उतारावर साग, पळस, कडुनिंब, खाली येत जाल तसा चिंचेचा पट्टा, मग बाभळी आणि मग चिखल आणि पाणी, अशी झाडांचीसुद्धा गोल गोल वर्तुळं आहेत. चिंचेच्या सावलीत भर दुपारीही गार वाटतं. वानरं असतात, ती डब्याकडे बघत बसतात, त्यांना काही देऊ नका. मोर इतके की थंडीत सकाळी त्यांच्या ओरडण्यानेच फेरी सुरू होते, पाण्यावर टिबुकल्या, काठावर लांब लाल पायांचे शेकाटे, आणि हिवाळ्यात चक्रवाकांची जोडपी. पक्ष्यांची आवड असलेल्या माणसाला इथून हलवणं अवघड आहे, नोव्हेंबर २०२० मध्ये लोणार पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेल्याची बातमी आली ती उगाच नाही, नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातली ती दुसरी जागा. त्याआधी २००० सालीच अभयारण्य झालेलं होतं.

आणि देवळं. रामगया, कमळजा देवी, वाघाचा महादेव, मोराचा महादेव, मुंगळ्याचा महादेव, अंबरखाना, कुठून उतरलात त्याप्रमाणे पुढेमागे लागतात. यातली बरीच पडझड झालेली आहेत. एका महादेवाच्या दारात उंबराची मुळी चौकटीच्या दगडाला अशी विळखा घालून बसलीय की आता मुळी काढली तर दगड येईल आणि दगड काढला तर मुळी मरेल, आत पिंडीवर वाळलेली पानं आणि कुणीतरी वाहिलेलं एकच जास्वंदाचं फूल. तिथे कोणी गुरव नाही, घंटा नाही, रांग नाही. कमळजेला मात्र माणसं येतात, नवरात्रात तर अख्खी पंचक्रोशी खाली उतरते, डोक्यावर टोपली आणि कडेवर पोर घेऊन, कित्येक जणी अनवाणी. देवळाजवळ सासू-सुनेची विहीर आहे, तिचं पाणी एका अंगाला गोड आणि एका अंगाला खारट असं जुनी माणसं सांगतात. लवणासुराला विष्णूने इथेच मारलं ही गोष्ट आमच्याकडच्या पोरांना शाळेत जायच्या आधी माहीत असते, आणि गंमत म्हणजे आकाशातून काहीतरी येऊन इथे जमीन फाटली हे शास्त्रज्ञांनाही बऱ्याच उशिरा पटलं. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली, त्यानंतर शंभरावर वर्षं हे ज्वालामुखीचं तोंड असावं असंच बहुतेकांचं मत होतं. १९७० च्या दशकात भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी इथल्या खडकात मॅस्केलिनाइट नावाची काच शोधली, ती प्रचंड जोराच्या धक्क्याशिवाय तयार होत नाही, तेव्हा उल्कापाताचा पुरावा पक्का झाला. वयाबद्दल अजून चर्चा आहे, आधी ५० हजार वर्षं सांगायचे, नंतर आर्गॉन पद्धतीने मोजलं तर पाच लाख सत्तर हजारांच्या आसपास आलं. बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकात, झालेली अशी विवरं जगात बोटावर मोजण्याइतकी आहेत, आणि चंद्रावरचे काळे भागसुद्धा बेसाल्टचेच, म्हणून चंद्रावरची विवरं समजून घ्यायला लोणारचा खडक अभ्यासतात. आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना चंद्राची सहल चालत करता येते, आणि आपण त्यांना अर्धा तास रेलिंगपाशी उभं करून परत आणतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता मूळ दुखण्याकडे येते. गेल्या काही वर्षांत तळ्याचं पाणी चढत आलंय. कमळजा देवीच्या देवळाला पाणी येऊन भिडलं, जिथून आम्ही लहानपणी चिंचा वेचत जायचो ती काठाची वाट ठिकठिकाणी पाण्यात गेलीय. तुम्ही मळलेल्या वाटेने बिनधास्त चाललेले असता आणि वाट सरळ हिरव्या पाण्यात शिरते, पलीकडे वीस-पंचवीस पावलांवर परत बाहेर निघालेली दिसते, मधे बाभळीचे काळे पडलेले शेंडे पाण्याबाहेर उभे. मग माणसं काय करतात, एकतर चपला हातात घेऊन त्या क्षाराच्या चिखलातून जातात, पाय घोट्यापर्यंत रुततो आणि खाली काय आहे ते दिसत नाही, नाहीतर वरच्या अंगाने झुडपात घुसतात. आणि झुडूप म्हणजे वेडी बाभूळ. तिचा काटा चपलेच्या तळातून आरपार वर येतो, मी स्वतः एका विद्यार्थिनीच्या टाचेतून काढलाय, बोटाच्या पेराएवढा होता. जी फेरी मी म्हातारी माणसं आणि पोरं आरामात करतात म्हणून सांगतेय ती आज सलग राहिलेली नाही, दोन-तीन तुकड्यांत झालीय, आणि तुकडे झाले की लोक अर्ध्यातून परत फिरतात, वाट वापरात राहत नाही, न वापरलेली वाट दोन पावसाळ्यांत बुजते. हे असंच चाललं तर आणखी काही वर्षांनी खाली काही नाही हो, झाडंझुडपं आहेत हे उत्तर खरं ठरेल.

पाणी का चढतंय त्याचा अभ्यास ज्यांचं काम आहे त्यांनी नीट करावा आणि तो लोकांना समजेल अशा मराठीत सांगावा. गोडं पाणी प्रमाणाबाहेर आलं की तळ्याचा खारेपणा कमी होणार, आणि खारेपणावर जगणारे जे जीव आहेत, जे दुसरीकडे कुठे सहज सापडत नाहीत, त्यांचं काय होणार हा पायवाटेपेक्षा कितीतरी मोठा प्रश्न आहे. गावाचं सांडपाणी तळ्यात येतं ही तक्रार तर कित्येक वर्षांची आहे, त्यातला एक थेंबही खाली येता कामा नये. पण म्हणून अभ्यास पुरा होईपर्यंत पायवाटेला हातच लावायचा नाही असं व्हायला नको, कारण वाटेचं काम छोटं आहे, स्वस्त आहे, आणि लगेच करता येण्यासारखं आहे.

माझं म्हणणं असं की जिथे जुनी वाट पाण्यात गेलीय तिथे ती सरळ थोडी वर सरकवा. उतारावर, चिंचेच्या पट्ट्यातून, गुराख्यांच्या जुन्या पाऊलवाटा आहेतच, त्या गावातल्या जुन्या माणसांना अजून पाठ आहेत, त्यांना सोबत घेऊन एक दिवस फिरलं तरी नवी आखणी होईल. वेडी बाभूळ नुसती छाटून उपयोग नाही, छाटली की दुप्पट फुटते, ती मुळासकट काढावी लागते, वन विभागाने मधे काही भागात ती काढलीय आणि तिथे फरक दिसतो, आता तेच काम आधी वाटेच्या दोन्ही बाजूंना करावं. दगडांवर साधे रंगाचे बाण काढा, फाट्यावर देवळाचं नाव आणि अंतर लिहिलेली पाटी लावा, ती मराठीत असू द्या. बस. याच्यापुढे काही करू नका अशी माझी हात जोडून विनंती आहे. सिमेंटचा रस्ता नको, पेव्हर ब्लॉक नको, स्टीलचे कठडे नको, लाइट नको, बोटिंगचा विचार तर स्वप्नातही नको. आपल्याकडे एखाद्या जागेचा विकास करायचा म्हटलं की पहिल्यांदा काँक्रीट येतं, आणि या विवराच्या मातीत तर अजून कितीतरी वाचायचं शिल्लक आहे, इथे खोदकाम करणं म्हणजे न वाचलेल्या पोथीची पानं फाडणं आहे. लोकांनीही दगड उचलून नेऊ नयेत. उल्केचा तुकडा म्हणून खिशात घातलेला दगड घरी शोकेसमध्ये पडून राहतो आणि इथे त्याची जागा रिकामी होते.

दुसरं, वाटाड्या. लोणारमध्ये अशी पोरं आहेत ज्यांना कोणत्या चिंचेवर घुबड बसतं ते माहीत आहे आणि मॅस्केलिनाइट म्हणजे काय तेही माहीत आहे. त्यांना नीट प्रशिक्षण, ओळखपत्र आणि ठरलेली फी द्या, फीचा बोर्ड वर दर्शनी लावा म्हणजे घासाघीस नको. खाली एकट्याने जाऊ नये हे मीही सगळ्यांना सांगते, कारण जंगल आहे, आग्या मोहोळं असतात, मधूनच बिबट्याची चर्चा होते आणि फोनला रेंज सगळीकडे मिळत नाही. वाटाड्या सोबत असला की बाया आणि म्हातारी माणसं निर्धास्त जातात, आणि त्या पोरांना पुण्याला कंपनीत जायच्या आधी गावात दोन पैसे मिळतात. पाण्याच्या बाटल्यांचं काय करायचं तर कर्नाळ्यासारख्या ठिकाणी जशी गेटवर बाटलीमागे अनामत घेतात आणि बाटली परत दाखवली की पैसे परत देतात, तसं इथेही करता येईल. स्वच्छतागृह मात्र वरच आणि चांगलं पाहिजे, बायकांची सगळ्यात मोठी अडचण ती आहे आणि खाली न उतरण्याचं खरं कारण कित्येकदा तेच असतं, हे कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितेय.

नवरात्रातल्या गर्दीचं वेगळं नियोजन लागेल, ती श्रद्धेची गर्दी आहे, तिला कुणी अडवू नये, पण त्या दिवसांत येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी ठेवली तर चिखलात चेंगराचेंगरी होणार नाही. एरवी मात्र एका वेळी खाली किती माणसं असावीत याला मर्यादा हवीच. मोर, टिबुकल्या, शेकाटे यांचं ते घर आहे, स्पीकर घेऊन उतरणाऱ्यांना गेटवरूनच परत पाठवावं.

वाचकांनाही एक सांगणं आहे. पावसाळा संपल्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत कधीही या, पण शेगाव आणि सिंदखेडराजाच्या मधे कोंबू नका. आदल्या रात्री लोणारला मुक्काम करा, उजाडता उजाडता धारेवरून उतरा, पायात जाड तळाचे बूट, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, सोबत दोन लिटर पाणी आणि घरच्या पोळीभाजीचा डबा. ऊन चढायच्या आत वर या, कारण विवराच्या तळाशी वारा लागत नाही आणि उकाडा बाहेरच्यापेक्षा जास्त जाणवतो. आईवडिलांना आणा. गुडघे दुखतात म्हणून ज्यांनी रायगड-प्रतापगडाची आशा सोडलीय त्यांना तर नक्कीच आणा, फक्त उतरताना हाताला काठी द्या आणि घाई करू नका.

आणि संपादक साहेब, तुम्हाला विनंती की यंदा हिवाळ्यात तुमचा एखादा वार्ताहर आणि फोटोग्राफर खाली पाठवा. जिथे वाट पाण्यात शिरते त्या जागेचा फोटो छापा. तो बघून तरी ज्यांच्या हातात आहे ते लोक पुढच्या पावसाळ्याच्या आत नवी वाट आखायला घेतील, आखणीच्या दिवशी काटे काढायला आणि दगड रंगवायला माझी आठवी-नववीची पोरं आणि त्यांचे पालक यायला तयार आहेत, मी त्यांना विचारून ठेवलंय.

आपली,
एक वाचक, मेहकर, जि. बुलडाणा